करपरेचं पारोसं पाणी

पहिली गेली ती गोदा. सोमवारी, आणि तेही माझं मौन सुटायला पाऊण तास बाकी असताना.

माझा नेम असा, की आंघोळ झाल्यापासून इष्टलिंगाची पूजा आटोपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. छत्तीस वर्षांत तो दोनदाच मोडला. एकदा न्हाणीत विंचू निघाला तेव्हा, आणि एकदा दूध उतू गेलं तेव्हा. दुधाचा मला अजून पश्चात्ताप होतो. त्यामुळं काचेच्या पेटीत गोदा पोट वर करून तरंगताना दिसली तरी मी बोलले नाही. आमच्या ह्यांना हलवून उठवलं, बाहेरच्या खोलीकडं बोट दाखवलं, तळहात उलटा केला, डोळे मिटून मान टाकून दाखवली. हे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. पूर्णा जंक्शनात उभा जन्म खुणांवर गाड्या थांबवल्या आणि सोडल्या. पण बायकोच्या खुणेचा अर्थ त्यांनी असा लावला, की हिला चक्कर येतेय. त्यांनी आधी गॅस बंद केला, मग रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन शेजारच्या दत्तराव गुरुजींना बोलावून आणलं. गुरुजींच्या मागून सुलाबाई आल्या, सुलाबाईंच्या मागून गल्ली आली. मी शांतपणे पूजा संपवली, कपाळाला भस्म लावलं आणि म्हणाले, "गोदा गेली."

दारात सात माणसं उभी होती. दोघांनी चपला काढल्या. सुलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि पदराआडूनच हळूच विचारलं, "कोण गोदा, वयनी? गंगाखेडची का?"

गंगाखेडची माझी सूनबाई, त्रिवेणी. गोदा ही तिची मासोळी. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला पोरीनं काचेची पेटी आणि चार गोल्डफिश आणले, आणि जिल्ह्यातल्या नद्यांवरून त्यांची नावं ठेवली: गोदा, दुधना, पूर्णा आणि सगळ्यात बारकी ती करपरा. आमच्या लिंगायताच्या घरात, देव्हाऱ्यासमोर, मासे! मी तोंडानं काही बोलले नव्हते. फक्त चार महिने त्या पेटीकडून तोंड फिरवून जात होते. नववा लागला तशी ती बाळंतपणाला माहेरी निघाली. गाडीत बसताना तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आत्याबाई, एवढ्या चौघींना सांभाळा." मी म्हणाले, "तू फिकीर करू नको. आल्यावर पेटी भरलेली दिसंल." सुनेला मी दिलेला तो पहिला शब्द. त्याला सहा दिवस झाले होते.

गोदाचं काय करायचं, हा प्रश्न निघाला. सुलाबाई म्हणाल्या, नालीत टाका. माझ्या देखरेखीतला जीव नालीत जाणार नाही, असं मी सांगितलं. आमच्यात माती देतात, म्हणून अंगणातल्या बेलाखाली हातभर खड्डा केला. ह्यांनी खुरपं हातात घेऊन अत्यंत गंभीरपणे विचारलं, "आडवी ठेवायची का आपल्यासारखी बसवून?" अशा वेळी माणसानं थट्टा करू नये. पण हे थट्टा करत नव्हते, तेच अवघड होतं. माशाला बसता येत नाही, म्हणून आडवी ठेवली, वर भस्माची चिमूट आणि बेलाचं पान ठेवलं, आणि मी त्या दिवशी उपवास धरला.

त्रिवेणीला कळवायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं. दिवस भरलेल्या पोरीच्या कानावर मरणाची गोष्ट घालत नाहीत. पण माझा दुसरा नेम असा, की खोटं बोलायचं नाही. ह्या दोन्हींतून मार्ग काढत मी रोज फोनवर बोलायची. ती विचारायची, "मासे कसे हायत?" मी म्हणायची, "मी त्यांचं लय मनापासून करायले." ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

खरंच मनापासून करत होते. त्रिवेणीनं सांगितलं होतं, आठवड्यातून थोडं पाणी बदला. थोडं! मला तेव्हाच वाटलं होतं की पोरगी चांगली आहे, पण कामाला जरा ढिली. आमच्या घरी रात्रभर राहिलेलं पाणी म्हणजे पारोसं. पहाटे उठले की मी हंडा, कळशी, बादली, माठ, सगळं उपडं करते, बोअर चालू करते आणि ताजं भरते. पारोशा पाण्याच्या सान्निध्यात मी लिंग हातावर घेतलेलं नाही कधी. मग देव्हाऱ्याच्या पुढ्यात आठ दिवसांचं पाणी कसं ठेवीन? रोज पहाटे चौघींना तपेल्यात काढायचं, पेटी ओतून टाकायची, काच काथ्यानं घासायची, खालचे खडे एकेक करून धुवायचे, तो बुडबुडे सोडणारा डबा असतो त्यातला स्पंज कडकडीत पाण्यात उकळायचा, पेटी भरायची आणि चौघींना परत सोडायचं. तासभर लागायचा. सुनेच्या माशांसाठी एवढं कोणती सासू करते, असं माझ्या मनात यायचं. येऊ नये, पण यायचं.

तर असं सगळं करूनही नवव्या दिवशी दुधना कडेला पडली.

आता मात्र मी पदर खोचला. माझ्या घरात जीव का मरतात, हे शोधून काढल्याशिवाय गोड खाणार नाही, असा संकल्प सोडला. ह्यांना गोड लागतं, त्यामुळं तपासात ते आपोआप सामील झाले. त्यांचा पहिला उपाय सोपा होता: परभणीला जाऊन तसल्याच दोन घेऊन येऊ, सुनेला काय कळतंय. मी त्यांच्याकडं नुसतं पाहिलं. ते म्हणाले, मी आपला पर्याय सांगितला.

सुलाबाईंचं मत पडलं की नजर आहे. त्यांनी पेटीवर लिंबू-मिरची टांगली. दत्तराव गुरुजींचं मत पडलं की दिशा आहे. गुरुजी गणित शिकवायचे, त्यामुळं त्यांना कोणी उलट विचारत नाही. त्यांच्या सांगण्यावरून पेटी दक्षिणेकडून उत्तरेकडं फिरवली. फिरवताना ह्यांची कंबर धरली आणि वरची मिरची आत पडली. मिरची मी लगेच काढली, कंबर पंधरा दिवस निघाली नाही. वीरेश, माझा मुलगा, नांदेडला नोकरीला रोज गाडीनं जाऊन येतो. तो आल्यावर म्हणाला, "अव्वा, पाणी तपासून बघ की." शिकलेल्या मुलाचं ऐकावं. मी बोअरच्या पाण्याची बाटली भरली आणि जिल्ह्याच्या गावी पॅसेंजरनं निघाले. कंबर धरलेली असूनही हे सोबत आले, कारण रेल्वेचा पास वाया जातो म्हणाले.

पाणी तपासायची कचेरी जिन्याच्या मागं सापडली. नागेश नावाचा कारकून बसला होता. मी सांगायला लागले की आमच्या घरी असं असं झालं आहे. तो म्हणाला, बाई, तोंडी काही सांगू नका, इथं सगळं अर्जात चालतं, एकही रकाना मोकळा सोडू नका. मी चष्मा लावला. पाण्याचा स्रोत: बोअर. वापरणाऱ्यांची संख्या: मी मोजलं, आम्ही तिघं आणि त्या चौघी, सात. आजारी: एक, कारण त्या सकाळी पूर्णा मला जरा मलूल वाटली होती. मृत: दोन. कोणत्या जातीचा जीव, असा रकाना कुठंच नव्हता. मी अर्ज परत देताना म्हणाले की ह्यात एक सांगायचं राहतंय. नागेशनं न बघता शिक्का मारला आणि म्हणाला, "राहिलेलं अहवालात येतंय."

ते जीपमधून आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली, त्यातून तोंडाला मास्क लावलेली चार माणसं आणि एक नर्सबाई उतरल्या. घर कुठलं म्हणून विचारत विचारत आल्या, त्यामुळं येईपर्यंत आख्ख्या गल्लीला कळलं की चन्नबसम्माबाईंच्या घरी पाण्यानं दोघं दगावले आणि घरच्यांनी दडवून ठेवलं. ह्यांची तर कंबर धरलेली, ते खाटेवर आडवे. नर्सबाईंनी त्यांच्याकडं बोट करून विचारलं, "आजारी ते हेच का?"

मी म्हणाले, "न्हाई, ते निराळं. आजारी ती आत हाय. पाण्यात."

"पाण्यात?" नर्सबाई जरा थांबल्या. मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "अन् मयत कुठं हायत, माय?"

"बेलाखाली."

"दोघंबी?"

"दोघीबी. आमीच पुरल्या. एकीला आडवी ठेवली, मग दुसरीलाबी तशीच."

नर्सबाई पायरीवर बसल्या. त्यांच्यातल्या एकानं फोन काढला. तेवढ्यात आतून ह्यांनी, कण्हत का होईना, "मासे हो, मासे" असं सांगितलं म्हणून बरं, नाहीतर बेलाखाली कोणत्या साहेबांना खणायला लावलं असतं कोण जाणे. मी पेटी दाखवली. नर्सबाईंनी मास्क खाली केला आणि बराच वेळ पूर्णा आणि करपरेकडं पाहत राहिल्या. त्या हसल्या असत्या तर मला चाललं असतं. त्या म्हणाल्या, "माय, तुमचा अर्ज बराबर हाय. आता परत घेता येत न्हाई."

अर्ज परत घ्यायला रकाना नव्हता. दोन मृत म्हणजे बोअरमध्ये जंतुनाशक पावडर टाकणं भागच होतं. ती टाकली. पूर्ण गल्ली त्या बोअरवर पाणी भरते. दोन दिवस सगळ्यांच्या चहाला दवाखान्याचा वास येत होता. लोक मला वाट सोडून देत होते, म्हणजे आदरानं नव्हे. छत्तीस वर्षं जिनं कोणाकडं वर मान करून पाहिलं नाही, तिच्या नावानं गल्लीत पाणी ओतलं जात होतं. मी घरात बसून जप केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, नेमाप्रमाणं, त्याच बोअरचं ताजं पाणी पेटीत भरलं.

मी पूजेला बसले तेव्हा पूर्णा पोहत होती. पूजा संपवून डोळे उघडले तेव्हा नव्हती.

बेलाखाली तिसरा खड्डा झाला. हे खाटेवरून म्हणाले, "मासे मरायलेत आन् उपास मला पडायलेत." मी भगर त्यांच्यापुढं ठेवली. पेटीत एकटी करपरा होती. एका कोपऱ्यात, वर तोंड काढून, उघडमीट करत. संध्याकाळी फोन आला. त्रिवेणीला मुलगी झाली होती. सुखरूप. मी देवापुढं साखर ठेवली, पण स्वतः खाल्ली नाही, कारण संकल्प चालू होता. नात झाल्याची साखर तोंडात नाही, असं माझ्या माहितीत कोणत्याही आजीचं झालेलं नाही.

रात्री अंथरुणात मला एक गोष्ट सुचली. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या एकाचाही माशाशी संबंध नव्हता. नजर सुलाबाईंना कळते, दिशा गुरुजींना, अर्ज नागेशला. माशाचं ज्याला कळतं त्याला विचारावं. आणि आमच्या पूर्णा गावात माशाचं कळणारी माणसं एकाच जागी बसतात.

बुधवारच्या बाजारात भाजीच्या ओळीमागं ती गल्ली आहे, हे मला फक्त वासावरून माहीत होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या बाजूनं जाताना मी नाकाला पदर लावून रस्ता ओलांडत आले. त्या बुधवारी मी गळ्यातलं लिंग पदराआड नीट घेतलं, भस्म तसंच ठेवलं आणि आत शिरले. शिरताना तिघांनी पाहिलं. त्यातले दोघं मठात येणारे. मी त्यांना "शरणार्थ" म्हणाले. त्यांनाही म्हणावं लागलं, पण त्यांचे डोळे माझ्या हातातल्या पिशवीवर होते.

पहिल्याच ओट्यावर धुरपताबाई बसली होती. माझ्याच वयाची, मोठं कुंकू, पुढ्यात घमेली. माझ्या कपाळाकडं बघून म्हणाली, "माय, वाट चुकलाव का? भाजी तिकडं हाय."

मी म्हणाले, "न्हाई. मला माशाचंच इचारायचं हाय. मासा मरतो कशानं?"

तिनं हातातली विळी खाली ठेवली. "आमच्याकडं समदे मेलेलेच मागायला येतेत, माय. मरतो कशानं म्हणून इचारायला आलेल्या तुमी पयल्याच."

मग मी तिच्या ओट्याशेजारी पोत्यावर बसले आणि सगळं सांगितलं. तिनं नजरेचं काही विचारलं नाही, दिशेचं विचारलं नाही. पाणी कधी बदलता, एवढंच विचारलं. मी जरा अभिमानानंच म्हणाले, रोज. सगळं. खडे धुऊन. स्पंज उकळून.

धुरपताबाई माझ्याकडं अशी पाहायला लागली, की मी काय करून बसलेय हे मला ती बोलायच्या आधीच कळायला लागलं.

"रोज?" ती म्हणाली. "माय, मासा पाण्यात ऱ्हात न्हाई, मुरल्याल्या पाण्यात ऱ्हातो. माझा मालक तळ्यात बीज सोडायचा तवा आधी पंधरा दिस पाणी नुसतं पडू द्यायचा. हिरवं होऊ द्यायचा. त्या घाणीतच त्यांचं औशध असतंय. तुमी रोज औशध धुवून टाकायलाव, आन् वरून बोअरचं कोरं पाणी. ते इख हाय त्येंना." मग माझं तोंड बघून तिनं आवाज उतरवला. "मरावं म्हणून का केलं तुमी? लय जपलं म्हणून झालं. आता हात लावू नगा. आठवड्याला तांब्या दोन तांबे बदला, आन् त्येबी रातभर ठिवलेलं."

आठवड्यातून थोडं. त्रिवेणीचेच शब्द. फरक एवढाच, की तिच्या तोंडून ते मला आळशीपणाचे वाटले होते. घरी परत येताना ते शब्द सबंध रस्ताभर माझ्या शेजारून चालत आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, हंडा-कळशी उपडी केली आणि पेटीजवळ येऊन थांबले. आत कालचं पाणी. माझा हात बादलीकडं गेला. मी तो परत घेतला, देव्हाऱ्यापुढं बसले आणि पारोशा पाण्यापासून चार हातांवर लिंग हातावर घेतलं. मन एकाग्र झालं असं मी म्हणणार नाही, खोटं बोलायचं नाही. पाचव्या दिवशी काच धुरकट झाली. बाराव्या दिवशी खडे हिरवे. लग्नानंतर माझ्या घरात पहिल्यांदाच काही हिरवं झालं होतं, आणि त्याची राखण मी करत होते. मठातून निरोप आला, की बाईंच्या घरी काय शिजतंय अशी चर्चा आहे. मी कळवलं, या आणि बघा. कोणी आलं नाही, पण चर्चा खाली बसली. करपरा कोपरा सोडून बाहेर आली, हिरव्या खड्यांना टोचे मारायला लागली, आणि एका सकाळी मी पूजेवरून उठले तशी काचेला येऊन चिकटली. मी इकडं सरकले, ती इकडं. मी तिकडं, ती तिकडं. हे खाटेवरून बघत होते. म्हणाले, "सिग्नल कळायलाय तिला."

दोन महिन्यांनी त्रिवेणी बाळाला घेऊन यायची होती. त्या सकाळी मी स्वयंपाकघरात पुरण वाटत होते, तर बाहेरून पाण्याचा आवाज आला. गेले. सुलाबाई पदर खोचून, एका हातात बादली, दुसऱ्या हातात काथ्या घेऊन पेटीवर वाकलेल्या. लेकुरवाळी घरी येणार आणि ही एवढी घाण, म्हणून बिचाऱ्या मदतीला आल्या होत्या. अर्धा हात आत गेला होता.

"हात काढा त्या पाण्यातनं!"

तो आवाज माझा होता, हे मला सुलाबाईंचं तोंड बघून कळलं. बादली त्यांच्या पायावर पडली. ह्यांची कंबर बरी होऊन महिना झाला होता, तरी ते दचकून परत खाटेवर बसले. गल्लीत दोन खिडक्या उघडल्या. मी आवाज खाली घेतला आणि म्हणाले, "सुलाबाई, माफी असावी. पण ही घाण माझी हाय."

रिक्षा दाराशी आली. मी भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यावर उभी राहिले. त्रिवेणी बाळाला छातीशी धरून खाली उतरली, आणि माझ्या खांद्यावरून तिची नजर आधी आत गेली. मी ओवाळायच्या आधीच बोलले, कारण ती आत आल्यावर बोलायचा मला धीर झाला नसता.

"त्रिवेणी, तिघी गेल्या. नजरेनं न्हाई, कशानं न्हाई, माझ्या हातानं. तू थोडं पाणी बदला म्हणालीस, मी रोज सगळं बदललं. मला वाटलं तू आळशी हाईस. एकटी करपरा राहिली."

तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं लपवलं नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं, आत्याबाई. फोनवर तुमी गोदाचं नाव घेणं सोडलं तवाच."

"मग इचारलं का न्हाईस?"

"तुमचं मौन असंल म्हणलं."

मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. ती आत आली ती सरळ पेटीपाशी गेली, बाळाचं तोंड काचेकडं केलं, आणि बराच वेळ त्या हिरव्या पाण्यात पाहत राहिली. करपरा आली आणि काचेला चिकटली. त्रिवेणी म्हणाली, "लय छान पाणी झालंय. मला एवढं कधी जमलं न्हाई."

मरणाचं कारण कधीच सापडलं होतं, पण तिला सांगेपर्यंत मी गोड खाल्लं नव्हतं. मी आत गेले, पुरणाचा एक घास तोंडात टाकला आणि मग बाहेर आले.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या नऊ जणी बाळाला पाहून गेल्या. एकीनं रोज दोनदा न्हाऊ घाला म्हणून सांगितलं, एकीनं आठवडाभर पाणी लावू नका म्हणून. गुरुजींनी पाळण्याची दिशा सांगितली. सुलाबाईंनी, पायाला पट्टी बांधलेली असूनही, काजळाची डबी पाठवून दिली. मी सगळ्यांचं हात जोडून ऐकून घेतलं आणि ह्यातलं काहीही करायचं नाही असं त्रिवेणीला हळूच सांगितलं. धुरपताबाईला सहा लेकरं, सहाही धडधाकट. बुधवारी बाजार आहे. तिला विचारून मग काय ते ठरवू.